पाणी येते कुठून, जाते कुठे: गोव्यातल्या घरासाठी नळापासून सेप्टिक टँकपर्यंतची वाट

डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, एका मे महिन्यात चढावरच्या शेवटच्या सात घरांचे नळ कोरडे पडले. खालच्या अंगाला पाणी नीट येत होते. वर मात्र पहाटे दोन कळशा मिळाल्या तर नशीब. कोणी म्हणाले धरण आटले, कोणी म्हणाले हॉटेलवाले पाणी पळवतात, कोणी पंचावर चिडले. मी तेव्हा गावच्या पाणी समितीत होते. आम्ही तीन आठवडे चुकीच्या दारांवर थापा मारत फिरलो. शेवटी कारण सापडले ते रस्त्याच्या वळणावरच्या एका चेंबरमध्ये, आमच्या घरापासून जेमतेम दोनशे पावलांवर. तेव्हापासून मला वाटते की आपल्या नळाचे पाणी कुठून येते, वाटेत कोण कोण त्याला हात लावतो आणि वापरून झाल्यावर ते कुठे जाते, एवढे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. कोणत्या दारावर थाप मारायची ते त्यावरूनच ठरते.

पहिली पायरी: आपला नळ कोणत्या योजनेवर आहे ते शोधा

गोव्यात पाणी मोठ्या प्रादेशिक योजनांमधून येते. ओपा (खांडेपार नदीवर) तिसवाडी आणि फोंड्याला पाणी देते. साळावली धरणाचे पाणी सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे या दक्षिणेकडच्या मोठ्या पट्ट्याला जाते. तिथला मूळ शुद्धीकरण प्रकल्पच दिवसाला 160 दशलक्ष लिटरचा आहे. बार्देशला अस्नोडा, पेडण्याला चांदेल, डिचोलीला साखळीजवळचे पडोसे, सत्तरीला दाबोस आणि काणकोणला चापोली धरणावरची योजना. उत्तरेकडच्या योजनांना तिळारीच्या कालव्याचाही मोठा आधार आहे. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा संयुक्त प्रकल्प आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडे कालवा फुटला की बार्देशातल्या घरात बादली रिकामी राहते.

हे माहीत असण्याचा उपयोग काय? एक उदाहरण सांगते. ऑगस्ट 2019 मध्ये ओपाहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या खांडेपारजवळ फुटल्या. भर पावसाळ्यात पणजी आणि फोंडा कित्येक दिवस पाण्याविना राहिले. बाहेर धो धो पाऊस आणि घरात थेंब नाही. त्या दिवसांत आपल्या वाड्याच्या व्हॉल्व्हमनवर ओरडून काहीच साधले नसते. उलट आपल्या तालुक्याच्या योजनेत काही बिघडलेले नसेल आणि शेजारच्या वाड्याला पाणी येत असेल, तर दोष जवळच कुठेतरी आहे हे नक्की समजा.

नदीतून किंवा धरणातून उचललेले पाणी प्रकल्पात येते. तिथे तुरटी घालून गाळ बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात, क्लोरीन देतात. तिथून पंपाने डोंगरावरच्या मोठ्या टाक्यांत चढवतात आणि टाकीतून ते स्वतःच्या भाराने उतरत आपल्यापर्यंत येते. या एका वाक्यात बरेच काही आहे. रात्री दोन तास वीज गेली तर पंप थांबतात, टाकी अर्धी राहते, आणि सकाळी वीज आलेली असूनही चढावरच्या घरांना पाणी पोचत नाही. टाकी पुन्हा काठोकाठ भरायला कधी कधी पूर्ण दिवस जातो. म्हणून पाणी गेले की आधी विचारा, "टाकीची पातळी किती आहे?" कार्यालयात फोनवर हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला उत्तर नीट मिळते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी पायरी: कोणते काम कोणाचे

गोव्यात वर्षानुवर्षे पाणी म्हणजे पीडब्ल्यूडी, सार्वजनिक बांधकाम खाते. आजही वाड्यावर लोक पीडब्ल्यूडीच म्हणतात. आता पिण्याच्या पाण्यासाठी वेगळे पेयजल खाते झाले आहे. धरणे, कालवे, नद्या आणि भूजल जलस्रोत खात्याकडे. मलनिस्सारणाच्या वाहिन्या आणि प्रकल्प उभारण्यासाठी 2001 मध्ये स्थापन झालेले मलनिस्सारण महामंडळ आहे. गटारे आणि कचरा पंचायतीकडे किंवा पालिकेकडे.

घरातल्या माणसाला एवढी विभागणी लक्षात ठेवणे जड जाते. मी अशी सांगते: मीटरपर्यंतचे पाणी पेयजल खात्याचे, मीटरनंतरचे तुमचे. विहीर खणायची, बोअरवेल मारायची किंवा टँकरने विहिरीचे पाणी विकायचे, तर 2002 च्या भूजल कायद्याखाली जलस्रोत खात्याकडे जायचे. रस्त्याकडेच्या गटारातून संडासाचे पाणी वाहत असेल, तर पंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, दोघांना एकाच दिवशी अर्ज द्यायचा.

तुमच्या भागाच्या उपविभागीय कार्यालयात कनिष्ठ अभियंता बसतात, त्यांच्यावर सहाय्यक अभियंता, त्यांच्यावर कार्यकारी अभियंता. पण रोजच्या पाण्याची खरी किल्ली व्हॉल्व्हमनच्या हातात असते. त्याचे नाव, त्याची वेळ आणि त्याचा फोन नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. तो पहाटे चार वाजता सायकलवरून किंवा स्कूटरवरून निघतो आणि एकेका वाड्याचे पाणी उघडत, बंद करत जातो. आपल्याकडे त्याला साधे चहाला कोणी विचारत नाही, याचे मला वाईट वाटते.

तिसरी पायरी: नवी नळजोडणी

ऑगस्ट 2022 मध्ये गोवा हे देशातले पहिले "हर घर जल" प्रमाणित राज्य ठरले. ग्रामीण भागातल्या 2.63 लाख घरांपर्यंत नळ पोचल्याची ती नोंद. तरी घर वेगळे होते, भाऊ वेगळी चूल मांडतात, नवे घर उभे राहते, म्हणून जोडणीचे अर्ज सुरूच असतात.

अर्ज उपविभागीय कार्यालयात किंवा गोवा ऑनलाइन या सरकारी संकेतस्थळावर करता येतो. घरपट्टीची पावती, घर क्रमांक, ओळखपत्र, घराचा किंवा जागेचा कागद आणि नवे बांधकाम असेल तर ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, एवढे आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवा. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर घर असलेल्या मुंडकार कुटुंबांची ना-हरकत दाखल्यावरून पुष्कळ अडवणूक होते. अशा घरांनी 1975 च्या मुंडकार कायद्याखाली मामलेदाराकडे झालेल्या नोंदणीची प्रत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी. नोंदणी झालेली नसेल, तर पाण्याचे निमित्त साधून ती आधी करून घ्या. पुढे घर दुरुस्तीलाही तोच कागद लागतो.

पुढचा टप्पा जागेच्या पाहणीचा. कनिष्ठ अभियंता येतात तेव्हा घरातले जाणते माणूस हजर पाहिजे. तीन गोष्टी त्यांच्यासमोरच ठरवा. वाहिनी कोणत्या बाजूने येणार, रस्ता खणावा लागणार का, आणि मीटर कुठे बसणार. रस्ता खणायचा असेल तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आणि अनामत लागते, आणि पावसाळ्यात ती सहसा मिळत नाही. म्हणून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. वाहिनी गटारातून नेऊ देऊ नका. प्लंबर म्हणेल, "बाई, खणायचे वाचते, खर्च कमी होतो." ऐकू नका. कारण पुढे येईल.

मीटर फाटकाजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चिऱ्याच्या छोट्या कोनाड्यात बसवा. जमिनीत पुरलेला मीटर पावसाळ्यात चिखलात बुडतो, वाचणारा अंदाजे आकडा टाकतो आणि भांडण वर्षभर चालते.

चौथी पायरी: मीटर आणि बिल वाचायला शिका

मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे त्याखालचे लिटर. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. बिलावरची मागची आणि आताची नोंद वजा केली की वापर निघतो. एवढे गणित घरातल्या सातवीतल्या मुलाला करायला द्या. आमच्याकडे नातीने दोन महिने आकडे लिहिले आणि तिसऱ्या महिन्यात बिलातली चूक तिनेच पकडली.

गोव्यात 1 सप्टेंबर 2021 पासून महिन्याला 16 घनमीटरपर्यंतचे घरगुती पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली, तेव्हा लोक पहिल्यांदा मीटरकडे बघायला लागले. दर आणि सवलती बदलत असतात, तेव्हा चालू दर ताज्या बिलावरून पाहावेत. पण 16 घनमीटर हा आकडा घराच्या वापराची मोजपट्टी म्हणून फार चांगला आहे. 16,000 लिटर भागिले 30 दिवस म्हणजे दिवसाला सुमारे 533 लिटर. चार माणसांच्या घरात माणशी 133. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे देशातले मानक माणशी 135 लिटर आहे, म्हणजे जवळजवळ तेवढेच. चार माणसांचे घर 16 घनमीटरच्या फार वर जात असेल, तर कुठेतरी गळते आहे, असे धरून शोध घ्या.

शोध असा घ्यायचा. रात्री सगळे झोपायच्या आधी, पाणी चालू असण्याच्या वेळात, टाकी पूर्ण भरल्यावर, घरातले सर्व नळ बंद करा आणि मीटरचा लाल आकड्यांसह फोटो काढा. तासाभराने पुन्हा फोटो. आकडा हलला असेल तर गळती मीटरनंतर आहे, म्हणजे तुमची. मग टाकी भरली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह पाहा, दहापैकी सहा वेळा तोच असतो. त्याच्या खालोखाल संडासाचा फ्लश: टाकीत थोडी हळद किंवा कुंकू टाका, फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर रबर गेले आहे.

बारीक धारेला कोणी मोजत नाही. एकदा मोजा. न्हाणीतल्या नळाखाली लिटरची बाटली धरा. ती दोन मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला 720 लिटर आणि महिन्याला 21,600 लिटर वाहून जातात. चार माणसांच्या अख्ख्या घराच्या वापरापेक्षा जास्त पाणी त्या एका धारेतून गेले.

पाचवी पायरी: पाणी आले नाही तर

आता आमच्या सात घरांची गोष्ट. पहिले तीन आठवडे आम्ही तोंडी तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी "बघतो" हे उत्तर. मग शेजारच्या एका निवृत्त मास्तरांनी सुचवले की आधी नोंद ठेवा. सातही घरांनी वहीत चौदा दिवस तीनच गोष्टी लिहिल्या: पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, एक बादली भरायला किती मिनिटे लागली. चौदा दिवसांनी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा स्पष्ट दिसले की वळणाच्या खालच्या घरांत बादली दोन मिनिटांत भरत होती आणि वळणाच्या वर अकरा-बारा मिनिटांत. चढ तर तेवढाच होता, जो आधीच्या वर्षी होता. म्हणजे दोष वळणावर.

त्या पानांच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला, आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज पोचल्याचा, शिक्का घेतला. कनिष्ठ अभियंत्यांनी वही उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, उद्या पहाटे या चेंबरपाशी."

पहाटे पावणेपाचला व्हॉल्व्हमन आला. लोखंडी झाकण पहारीने उचलले. आत पाणी साचलेले, त्यात पालापाचोळा आणि एक बेडूक. त्याने उभी लांब चावी स्पिंडलवर बसवली आणि मोजत फिरवू लागला. एक, दोन, तीन… सहाव्या फेऱ्याला चावी घट्ट झाली. "बाई, रोज इथेच लागते. मला वाटायचे, पुरते उघडले." अभियंत्यांनी खिशातून कागद काढला. त्या मापाच्या व्हॉल्व्हला अकरा फेरे हवेत. गंजलेल्या स्पिंडलमुळे तो वर्षभर अर्धाच उघडत होता. तेल घालून, हलक्या हाताने मागे-पुढे करत त्यांनी तो दहाव्या फेऱ्यापर्यंत नेला. आमच्या घरात साडेपाचला बादली तीन मिनिटांत भरली. पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला.

यात कोणाचीही दुष्टबुद्धी नव्हती. पाच आठवडे मात्र सात घरांतल्या बायका आणि मुले कळशा वाहत होती.

तेव्हा तक्रारीचा क्रम असा ठेवा. शेजारी विचारा: फक्त माझ्याकडे, वाड्यावर, की सगळ्या गावात? फक्त तुमच्याकडे असेल तर मीटरजवळची जाळी कचऱ्याने भरली का पाहा. वाड्यावर असेल तर व्हॉल्व्हमन. सगळ्या गावात असेल तर टाकीची पातळी. दोन दिवसांत सुटले नाही तर लेखी अर्ज, ग्राहक क्रमांकासह, शिक्का घेऊन. आठवडाभरात हालचाल नसेल तर तोच अर्ज सहाय्यक अभियंत्यांना, मग कार्यकारी अभियंत्यांना, आधीच्या अर्जाची प्रत जोडून. तरीही काही झाले नाही तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली एकच साधा प्रश्न विचारा: "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणती कारवाई झाली?" तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दहा प्रश्न विचारू नका, एक विचारा. आणि ग्रामसभेत विषय मांडताना वही हातात ठेवा. आकडे असले की आवाज चढवावा लागत नाही.

टँकर मागवायची वेळ आली तर तो अर्जही लेखीच द्या. टँकरचे पाणी भांडी-कपड्यांना वापरा, पिण्याचे उकळून घ्या. खासगी टँकरवाल्याला कोणत्या विहिरीचे पाणी आहे ते विचारायला संकोच करू नका.

सहावी पायरी: पाणी गढूळ किंवा वासाचे आले तर

जूनमधल्या पहिल्या पुरात नदी तांबडी होते. प्रकल्पाला गाळ बसवायला वेळ लागतो, त्यामुळे पुरवठा कमी होतो आणि कधी पाण्याला किंचित रंग येतो. हे दोन-चार दिवसांत निवळते. वेगळी आणि जास्त धोक्याची गोष्ट म्हणजे फक्त पहिल्या पाच मिनिटांचे पाणी घाण येणे. पाणी बंद असते तेव्हा वाहिनी रिकामी होते आणि फुटक्या सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढते. वाहिनी गटारातून गेली असेल तर ते बाहेरचे पाणी म्हणजे गटाराचे. वर प्लंबरचे ऐकू नका म्हटले ते यासाठी.

नळाला थेट पंप लावणारी घरे हेच आणखी वाढवतात. पंप ओढतो तेव्हा शेजाऱ्याच्या सांध्यातली घाणही ओढतो, आणि ती आधी त्याच पंपवाल्याच्या टाकीत जाते. पंप लावायचाच असेल तर जमिनीलगतच्या टाकीत पाणी आपसूक पडू द्या आणि त्या टाकीतून वर चढवा.

पहिली बादली झाडांना घाला. मग स्वच्छ ग्लासात पाणी घेऊन उजेडाकडे धरा आणि वास घ्या. क्लोरीनचा हलका वास चांगलाच. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवे, असे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते. गावच्या पाणी समितीकडे तपासणी किट असेल तर ते मागून रंग पाहा. किट कपाटात पडून मुदत उलटलेले सापडते, ते आधी बघा.

विहिरी अजून गोव्यात घरोघर आहेत आणि त्या जपायला हव्यात. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जमिनीत पाऊस पटकन मुरतो आणि तेवढ्याच पटकन पाझरून जातो, म्हणून चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मेमध्ये तळ दिसतो. पावसाळ्यानंतर विहीर निर्जंतुक करायची पद्धत सोपी आहे. व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजा. व्यासाला व्यासाने गुणा, त्याला 3.14 ने गुणून 4 ने भागा, मग खोलीने गुणा. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर सुमारे 14 घनमीटर, म्हणजे 14,000 लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, म्हणजे 35 ग्रॅम. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवा, पातळ करा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली हलवा. संध्याकाळी करावे, रात्रभर पाणी काढू नये. पावडर जुनी, ओली झालेली असेल तर त्यात जोर उरत नाही.

सातवी पायरी: वापरलेले पाणी, जिथे वाहिनी आहे तिथे

पणजीत भुयारी गटार साठच्या दशकापासून आहे. शहराचे सांडपाणी टोंकच्या प्रकल्पात जाते. तिथला 12.5 दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प एकाच टाकीत आळीपाळीने काम करतो: भरणे, हवा सोडणे, गाळ खाली बसू देणे, वरचे निवळ पाणी काढून घेणे. हवा कशासाठी? घाण खाणाऱ्या जिवाणूंना श्वास हवा म्हणून. घरातून आम्ल, रंग, तेल गेले की तेच जिवाणू मरतात. मडगावसाठी शिरवड्याला प्रकल्प आहे, वास्कोलाही व्यवस्था आहे. बाकीचा बहुतेक गोवा सेप्टिक टँकवर.

तुमच्या दारावरून वाहिनी गेली असेल तर जोडणी घ्या. 2008 चा मलनिस्सारण कायदा तसे सांगतोच. लोक टाळतात त्याचे कारण मला कळते. आपल्याकडे संडास-न्हाणी परसदारी असते आणि वाहिनी पुढच्या रस्त्याला, म्हणजे अंगण उखडून उताराने पाइप आणावा लागतो. खर्च आहे, धूळ आहे. पण सांडपाण्याने घाण झालेल्या साळ नदीच्या काठच्या लोकांनी जे पाहिले ते पाहता हा खर्च पुढे ढकलू नये. जोडताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. छपराचे पावसाचे पाणी या वाहिनीत सोडायचे नाही, नाहीतर जुलैत रस्त्यावरची चेंबरे उसळतात. आणि जोडणी झाली की जुनी सेप्टिक टँक उपसून, भरून बंद करायची. उघडी सोडलेली जुनी टाकी म्हणजे लहान मुलांसाठी सापळा.

आठवी पायरी: सेप्टिक टँक आणि सोकपिट

टाकीत जड गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी दुसऱ्या कप्प्यातून सोकपिटकडे, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे जाते. म्हणजे टाकी घाण नष्ट करत नाही, बरीचशी साठवते. म्हणून ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. "आमची वीस वर्षांत भरली नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्या घराची घाण चिऱ्याच्या भेगांतून कुठेतरी चालली आहे.

केव्हा उपसायची ते असे पाहा. झाकण सरकवून बाजूला उभे राहा, वायू जाऊ द्या. काडी पेटवायची नाही, आत डोकवायचे नाही. लांब बांबूला जुन्या पांढऱ्या पंच्याची पट्टी गुंडाळा, तळापर्यंत सोडा, दोन मिनिटे थांबून सावकाश काढा. काळा डाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. पाणी साडेचार फूट आणि काळा डाग दीड फूट, म्हणजे एक तृतीयांश झाला, उपसण्याची वेळ झाली.

वेळ दिवाळी ते एप्रिल या दरम्यानची निवडा. पावसाळ्यात भूजल वर येते, सोकपिट पाणी घेत नाही आणि संडास तुंबतो. तेव्हा उपसून आठवड्यात पुन्हा तेच. रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी तर जुलैत भूजलाने वर उचलली जाते. माणूस आत उतरवायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, आणि 2013 च्या कायद्याने ते काम करवून घेणे गुन्हा आहे. यंत्राने ओढणारी गाडीच बोलवा. पावती घ्या, गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि विचारा की हे कुठे रिकामे करणार. शुद्धीकरण प्रकल्पाचे नाव न सांगता "ते आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्याची गाडी रात्री कुठल्यातरी ओढ्यापाशी उभी राहते.

न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी टाकीत घालू नका, ते माडाला किंवा केळीला द्या. टाकीचा भार कमी होतो आणि कुळागरालाही, म्हणजे परसातल्या माड-पोफळीच्या बागेलाही, पाणी मिळते.

शेवटी विहीर आणि सोकपिट यांच्यातले अंतर. निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट हवे, आणि सोकपिट विहिरीच्या उतारावर, खालच्या अंगाला. आम्ही घराला नवी खोली जोडली तेव्हा कंत्राटदाराने सोयीची जागा बघून खड्डा मारला. आम्हीही विचारले नाही. पावसाळ्यात नातीला दोनदा जुलाब झाले. सासऱ्यांनी टेप काढून मोजले तर एकेचाळीस फूट, तेही विहिरीच्या वरच्या अंगाला. विहिरीचा नमुना तपासायला दिला. मानकाप्रमाणे 100 मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा ई-कोलायचा एकही जिवाणू सापडता कामा नये; आमच्यात सापडले. सोकपिट बंद करून परसाच्या खालच्या टोकाला नवे केले, विहीर दोनदा निर्जंतुक केली, तोवर नळाचे पाणी उकळून प्यायलो. गणेश चवथीनंतर दिलेला नमुना स्वच्छ आला.

नमुन्याची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, घरची धुतलेली चालत नाही. आत बोट लावायचे नाही, भरली की बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आम्ही वर्षातून दोनदा देतो, एकदा मार्चअखेरीला विहीर खाली गेल्यावर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. तारखा व्हॉल्व्हमनच्या नंबरखाली, स्वयंपाकघराच्या त्याच भिंतीवर लिहिलेल्या आहेत.